गांजाचे व्यसन कोणाला जडेल, हे आधी सांगता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आमच्या समुपदेशनाच्या कामात एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सारखा येतो: ‘मुलगा गांजा ओढतो असे कळले आहे, त्याला व्यसन लागेल का?’ विचारणारे बहुतेक आईवडील असतात, तर काही वेळा वसतिगृहात राहणारी मुले स्वतःच विचारतात. ज्यांनी हे विचारले त्यांची झोप उडालेली असते, म्हणून उत्तरे धीराने आणि पूर्ण दिली आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागला, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. गांजा ओढणे आणि गांजाचे व्यसन असणे, यांत फरक काय?

डॉक्टर ज्याला ‘गांजा-वापर विकार’ म्हणतात, त्याचे निदान ठरावीक लक्षणांवरून होते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत अशी 11 लक्षणे आहेत: ठरवले त्याहून जास्त किंवा जास्त दिवस ओढणे; कमी करायचे म्हणूनही न जमणे; मिळवण्यात, ओढण्यात आणि त्यातून सावरण्यात बराच वेळ जाणे; तलफ येणे; अभ्यास, नोकरी किंवा घरची जबाबदारी मागे पडणे; नात्यांत तंटे होऊनही न थांबणे; पूर्वीची आवडीची कामे सुटणे; गाडी किंवा यंत्र चालवण्यासारख्या धोक्याच्या वेळीही ओढणे; शरीराला वा मनाला त्रास होतो हे कळूनही चालू ठेवणे; तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागणे; आणि बंद केल्यावर त्रास होणे. गेल्या 12 महिन्यांत यांपैकी किमान दोन लक्षणे असतील आणि त्यामुळे जगण्यात खरोखर अडचण येत असेल, तर विकार आहे असे म्हणतात. दोन-तीन लक्षणे असल्यास तो सौम्य, चार-पाच असल्यास मध्यम आणि सहा किंवा अधिक असल्यास तीव्र मानला जातो.

या यादीत ‘आठवड्यातून किती वेळा’ हा निकष कोठेही नाही, हे लक्षात घ्यावे. किती ओढतो यावरून धोका कळतो, निदान होत नाही. हा भेद पुढच्या सगळ्या उत्तरांत लागणार आहे.

2. ओढणाऱ्या शंभर जणांपैकी किती जणांना हा विकार होतो?

कोणते शंभर जण घेतले यावर उत्तर बदलते. आयुष्यात एकदा तरी गांजा घेतलेल्या शंभर जणांपैकी सुमारे 9 जण पुढे त्याच्या अधीन होतात, असे अमेरिकेतील मोठ्या सर्वेक्षणांतून दिसले. तेथे शंभरात एकदाच चव पाहून सोडून दिलेलेही धरलेले आहेत, आणि मोजलेली गोष्ट ही जुन्या, कडक व्याख्येतील अधीनता आहे. सध्या वापर चालू असलेल्यांचा विचार केला आणि सौम्य विकारही मोजला, तर प्रमाण वाढते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2020 मध्ये काढलेला आकडा शंभरात 22 असा होता.

आपल्या देशाबाबत सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे 3.1 कोटी होते, आणि त्यांपैकी सुमारे 72 लाख जणांचा वापर मदतीची गरज पडावी इतका त्रासदायक झालेला होता. म्हणजे हे प्रमाणही चारांत एकाच्या जवळपास येते. याचा दुसरा अर्थ असा की चारांपैकी तिघांचा वापर इतका त्रासदायक झालेला नव्हता, आणि घाबरलेल्या आईवडिलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

3. वर्तवलेला धोका म्हणजे निदानच ना? डॉक्टर ‘जास्त धोका आहे’ म्हणाले, म्हणजे मुलगा व्यसनी झाला का?

नाही. धोका म्हणजे त्याच्यासारख्या अनेकांमध्ये पुढे किती जणांना विकार झाला, याचा अंदाज. ढग भरून आल्यावर आपण छत्री घेतो, पण कपडे भिजले असे म्हणत नाही. निदान आजच्या लक्षणांवरून होते (प्रश्न 1). ‘जास्त धोका’ हे शब्द ऐकून मुलाला ‘गांजेकस’ म्हणून हिणवण्याची सुरुवात ज्या घरांत झाली, तेथे मुलगा घराबाहेर अधिक राहू लागल्याचे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि घराबाहेर जे मित्र भेटतात ते बहुधा ओढणारेच असतात.

4. कोणत्या गोष्टींमुळे धोका वाढतो?

सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे वारंवारता. महिन्यातून एकदा ओढणारा आणि रोज ओढणारा यांच्या धोक्यात मोठे अंतर आहे. आठवड्याला किंवा रोज ओढणाऱ्या तरुणांपैकी साधारण तिघांतील एकाला अधीनता येते, असे 2020 च्या त्याच एकत्रित अभ्यासाचे अनुमान आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीचे वय. तिच्यासाठी प्रश्न 5 पाहावा. तिसरी म्हणजे मालाचा कस. गांजात नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. अमेरिकेत पकडलेल्या गांजात ते 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होते, 2014 मध्ये सुमारे 12 टक्के झाले. वडिलांच्या तरुणपणीच्या गांजावरून मुलाच्या हातातील गांजाचा अंदाज बांधणे त्यामुळे चुकीचे ठरू शकते, विशेषतः शहरात ‘हायड्रो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाच्या बाबतीत.

यानंतर येते ते ओढण्याचे कारण आणि प्रसंग. मित्रांच्या घोळक्यात सहलीला ओढणे आणि खोलीचे दार लावून एकट्याने ओढणे, यांचा अर्थ वेगळा आहे. उठल्या-उठल्या ओढणे, झोप यावी म्हणून ओढणे, राग किंवा दुःख बुजवण्यासाठी ओढणे, ही कारणे मोकळ्या वेळातील मौजेपेक्षा अधिक काळजीची आहेत. न्यूझीलंडमध्ये 1977 साली जन्मलेल्या क्राइस्टचर्चच्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात एक बोलका निष्कर्ष मिळाला: सुरुवातीच्या वापरात ज्यांना फार छान, हलके, आनंदी वाटले, त्यांच्यात पुढे अधीनता अधिक दिसली. म्हणून ‘पहिल्यांदा कसे वाटले होते?’ हा प्रश्न आम्ही नेहमी विचारतो. मुले त्याचे उत्तर खरे देतात, कारण त्यात आरोप नसतो.

याशिवाय तंबाखू व दारूचा वापर, बालपणीची मारहाण, उपेक्षा किंवा घरातील मोठी उलथापालथ, जवळच्या मित्रांचे ओढणे, शाळा बुडवणे व नियम मोडण्याची सवय, उतावळा स्वभाव, नैराश्य, चिंता, एकाग्रतेचा विकार आणि घराण्यातील व्यसनाचा इतिहास या सर्वांनी धोका वाढतो. यांतील कोणतेही एक कारण पुरेसे नसते. चार-पाच एकत्र आली की वजन पडते.

5. मुलगा सोळा वर्षांचा आहे. या वयात एवढी काळजी करावी का, की मोठेपणी आपोआप सुटेल?

काळजी करावी, कारण वयाचा परिणाम आकड्यांत स्पष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारित 2021 च्या विश्लेषणात, पहिल्यांदा गांजा घेतल्यापासून वर्षभराच्या आत असलेल्या 12 ते 17 वयाच्या मुलांपैकी 10.7 टक्क्यांना विकार आढळला, तर 18 ते 25 वयोगटात हेच प्रमाण 6.4 टक्के होते. सुरुवात होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेल्यांत ते अनुक्रमे 20.1 आणि 10.9 टक्के होते. म्हणजे लहान वयात धोका जवळजवळ दुप्पट दिसतो. मेंदूचा स्वतःला आवर घालणारा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडत असतो, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरी व शाळेत आधीच ताण असतात, हेही तितकेच खरे आहे.

वेळेचाही हिशेब ठेवावा. अमेरिकेतील ज्यांना गांजाची अधीनता आली, त्यांच्यापैकी निम्म्यांना ती पहिल्या वापरापासून सुमारे 5 वर्षांच्या आत आलेली होती. दारूच्या बाबतीत हाच काळ 13 वर्षे निघाला. दहावी ते पदवी हा काळ नेमका या पाच वर्षांत बसतो.

6. आमच्याकडे गांजा बहुधा सिगारेटमधील तंबाखूत मिसळून ओढतात. त्याने धोका वाढतो का?

वाढतो, आणि हा प्रश्न आपल्या भागात हवा तितका विचारला जात नाही. तंबाखूत मिसळलेला गांजा ओढणाऱ्याला दोन सवयी एकाच वेळी लागतात, आणि आलेली तलफ निकोटीनची की गांजाची हे त्याला स्वतःलाही ओळखता येत नाही. तंबाखू व गांजा दोन्ही वापरणाऱ्यांत गांजा-वापर विकार अधिक आढळतो आणि सोडणेही अधिक कठीण जाते.

निपाणीच्या परिसरात तंबाखूची वखार, विड्या वळणाऱ्या आया आणि सुपात पसरलेला जर्दा हे मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. 1981 मध्ये याच निपाणीत तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले. त्या पिकावर येथील घरे उभी राहिली आहेत, आणि त्या कष्टाविषयी आम्हांला आदर आहे. परंतु त्यामुळेच ‘तंबाखू तर सगळेच खातात’ असे म्हणून प्रश्नावलीत त्याची नोंदच केली जात नाही. मुलाने गुटखा, मावा, विडी किंवा सिगारेट यांपैकी काय सुरू केले आणि कधी, हे सांगितल्याशिवाय काढलेला धोक्याचा अंदाज अपुरा राहतो.

7. शिवरात्रीला किंवा रंगपंचमीला भांग घेतली, तर तीही मोजायची का?

मोजायची, परंतु वेगळ्या रकान्यात. भांग म्हणजे त्याच झाडाची पाने. टीएचसी तीतही असते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, पाने येत नाहीत, म्हणून भांगेचा नियम राज्याराज्यांत वेगळा आहे; पण कायद्याची रेषा आणि शरीराची रेषा एक नसते. देशातील सर्वेक्षणात भांग घेणारे गांजा-चरस घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले, तरी त्रासदायक वापराचे प्रमाण गांजा-चरस घेणाऱ्यांत जास्त होते. शहापूर-वडगावात रंगपंचमीला वर्षातून एकदा प्याला घेणाऱ्या काकांची आणि रोज संध्याकाळी ओढणाऱ्या पुतण्याची तुलना म्हणूनच करू नये. उलट, सणाच्या निमित्ताने घेतलेली भांग पुढे दर शनिवारी लागू लागली, तर ती सणाची राहिली नाही.

8. आजोबा चिलीम ओढत असत. नातवाला ते रक्तातून येईल का? जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की त्रासदायक वापराच्या बाबतीत माणसामाणसांतील फरकाचा साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग आनुवंशिक असतो. हा आकडा लोकसमूहाचा आहे. ‘नातवाला निम्मी शक्यता’ असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय घरातून रक्ताबरोबर चिलीमही येते, ओढणारे पाहुणेही येतात आणि ‘त्यात काय एवढे’ ही भावनाही येते.

जनुकांविषयी सांगायचे तर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सीएचआरएनए2 आणि एफओएक्सपी2 या जनुकांजवळच्या जागा या विकाराशी जोडलेल्या आढळल्या, आणि 2023 मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून आणखी जागा मिळाल्या. परंतु एकेका जागेचा परिणाम अतिशय लहान आहे, सर्वांची बेरीज करूनही एका व्यक्तीविषयी फार थोडे सांगता येते, आणि यातील बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची असल्यामुळे आपल्याकडे ती आणखी कमी लागू पडते. जनुकीय चाचणीवर पैसे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजोबांविषयी मुलाशी मोकळेपणाने बोलण्यास काहीच खर्च येत नाही आणि त्यातून अधिक कळते.

9. तो ‘कधीमधी ओढतो’ म्हणतो. खरे किती, हे कसे समजणार?

यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. ‘किती वेळा?’ असे विचारल्यावर मिळणारे उत्तर बहुधा कमी असते, आणि ते दर वेळी खोटेपणाने दिलेले नसते; आठवणच तशी काम करते. म्हणून महिन्याचे पान समोर ठेवून आधी लक्षात राहिलेले दिवस भरावेत: परीक्षेचा दिवस, क्रिकेटचा सामना, पगार झाला तो दिवस, गावची जत्रा, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र. मग प्रत्येक खुणेच्या मागेपुढे जावे: ‘त्याच्या आदल्या दिवशी कोठे होतास?’

उद्यमबागेत कामाला जाणाऱ्या एका तरुणाने असेच ‘महिन्यातून चार-पाच वेळा’ म्हणून सुरुवात केली होती. पेन्सिलने गोल काढता काढता तो तिसऱ्या आठवड्यावर थांबला, बोटाने मोजले आणि पान स्वतःच आमच्याकडे सरकवले. एकोणीस गोल होते. त्याला कोणी काही सांगावे लागले नाही. आकडा त्याने स्वतः काढला होता, म्हणून त्याच्यावर त्याचा विश्वास बसला.

हे पान आईवडिलांनी पुरावा म्हणून वापरू नये. तसे एकदा झाले की पुढचे पान कोरे येते.

10. धोका मोजणाऱ्या प्रश्नावल्या कोणत्या? त्या मराठीतून भरता येतात का?

जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ ही प्रश्नावली आरोग्य कर्मचारी विचारतात. तीत गांजासाठी 0 ते 3 गुण म्हणजे कमी, 4 ते 26 म्हणजे मध्यम आणि 27 किंवा अधिक म्हणजे जास्त धोका. दुसरी ‘क्युडिट-आर’; तीत गेल्या सहा महिन्यांविषयी आठ प्रश्न असतात, 8 गुणांपासून वापर धोकादायक मानतात आणि 12 पासून विकाराची शक्यता धरून तपासणी करतात. दोन्ही आजची स्थिती चाळून पाहण्यासाठी आहेत. पुढच्या पाच वर्षांचे भाकीत त्या करत नाहीत, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात खरोखर महत्त्वाचा आहे. दवाखान्यातील कागद कन्नडमध्ये, डॉक्टरांच्या टिपा इंग्रजीत आणि रुग्ण मराठी, असे वारंवार घडते. ‘नशा करता का?’ असे विचारले की अनेक जण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या बोलण्यात नशा म्हणजे दारू. ‘गांजा, भांग, चरस यांपैकी काही?’ असे नाव घेऊन विचारले तर उत्तर बदलते. म्हणून प्रश्न मराठीतून तोंडी समजावून द्यावेत, असा आग्रह रुग्णाने व नातलगांनी धरावा. तो त्यांचा हक्क आहे. दुभाषा लागला तर घरातील माणूस बसवू नये, कारण वडिलांसमोर मुलगा खरे बोलणार नाही.

11. मोबाइलवर माहिती भरली तर ‘62 टक्के धोका’ असे आले. हा आकडा किती खरा?

अशा आकड्यामागे एखादे सांख्यिकीय मॉडेल असते. अनेक तरुणांची माहिती घेऊन, पुढे कोणाला विकार झाला हे पाहून, कोणत्या बाबींवरून ते आधी ओळखता आले असते हे गणिताने शोधतात. अमेरिकेत 1994 मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ पाठपुराव्याच्या माहितीवरून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेलमध्ये अखेरीस सात बाबी उरल्या: स्त्री की पुरुष, नियमभंगाची वागणूक, स्वभावातील काटेकोरपणा, भावनिक चंचलता, नव्याची ओढ, बालपणीचे आघात आणि ओढणारे मित्र. एवढ्या साध्या बाबींवरून काही अंदाज बांधता येतो, हे महत्त्वाचे आहे.

पण किती? अशा मॉडेलची कसोटी अशी: पुढे विकार झालेला एक आणि न झालेला एक, अशी जोडी दिली तर मॉडेल किती वेळा पहिल्याला जास्त धोका देते? नाणे उडवले तर शंभरात 50 वेळा बरोबर येईल. या मॉडेलांना साधारण 65 ते 75 वेळा येते. म्हणजे नाण्यापेक्षा निश्चित बरे, पण एका मुलाच्या आयुष्यावर शिक्का मारण्याइतके नाही.

समजण्यासाठी काल्पनिक हिशेब मांडू. ओढणाऱ्या 100 तरुणांपैकी 20 जणांना पुढे विकार होणार आहे. चाचणी होणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांना पकडते आणि न होणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांना मोकळे सोडते. मग 20 पैकी 14 पकडले जातील. उरलेल्या 80 पैकी 24 जणांवर उगाच खूण होईल. ‘जास्त धोका’ असे सांगितलेले एकूण 38, आणि त्यांतील खरे 14. म्हणजे ज्यांना घाबरवले त्यांतील निम्म्याहून अधिकांना विकार होणारच नव्हता, आणि 6 जण ‘कमी धोका’ ऐकून निश्चिंत घरी गेले.

आणखी एक अडचण आहे. मॉडेल जेथे बनले तेथील सरासरी धोका त्यात मुरलेला असतो. तेथील 62 टक्के खानापुरात 62 राहतीलच असे नाही, कारण येथे सुरुवातीचे वय, माल, तंबाखूची सोबत आणि घराचा धाक हे सगळे वेगळे आहे. क्रम बहुधा टिकतो, आकडा टिकत नाही. म्हणून टक्के विसरावेत आणि कोणत्या उत्तरांमुळे ते वाढले, ते पाहावे.

12. मग महाविद्यालयात सर्वच मुलांची चाचणी का करत नाहीत?

वरच्याच हिशेबामुळे. समजा 1000 विद्यार्थ्यांपैकी 10 जणांना पुढे विकार होणार आहे. तीच चाचणी 7 जणांना पकडेल आणि उरलेल्या 990 पैकी 297 जणांवर चुकीची खूण करेल. 304 नावांच्या यादीत 7 खरी. ती यादी सूचनाफलकापर्यंत किंवा गावापर्यंत पोचली, तर होणारे नुकसान भरून निघणार नाही. जे ओढतात आणि स्वतःहून किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून येतात, त्यांच्यासाठीच या चाचण्या उपयोगी आहेत.

13. औषधाच्या दुकानातून लघवीच्या चाचणीचे किट आणावे का?

व्यसन किंवा धोका मोजण्यासाठी आणू नये. ही चाचणी टीएचसीचे शरीरात राहिलेले अवशेष दाखवते. एखादे वेळी घेतलेल्याच्या लघवीत ते सुमारे तीन दिवस, तर रोज भरपूर ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर किंवा त्याहून अधिक सापडू शकतात. रंगपंचमीची भांग आणि रोजचा गांजा यांत किट फरक करत नाही, आणि सोडून तीन आठवडे झालेल्या मुलाला ते खोटे ठरवू शकते. उपचारात, मुलाच्या संमतीने, डॉक्टर ती वापरतात. तो वेगळा प्रसंग आहे.

14. मुलींना हा धोका नसतोच ना?

असतो. पुरुषांत वापर आणि विकार दोन्ही अधिक आढळतात, परंतु काही अभ्यासांत स्त्रियांमध्ये पहिल्या वापरापासून विकारापर्यंतचा प्रवास अधिक वेगाने झालेला दिसला आहे. मुलीला विचारतच नाहीत, म्हणून तिचे नाव कोठे दिसत नाही.

15. झोप लागत नाही आणि जीव घाबरतो म्हणून तो ओढतो. मूळ आजार कोणता?

बहुतेकदा दोन्ही एकमेकांना धरून असतात. गांजाने सुरुवातीला झोप लवकर येते. रोज घेतल्यावर शरीर सरावते, आणि एखादा दिवस चुकला की झोप पूर्वीपेक्षा वाईट होते. मग तो म्हणतो, ‘बघा, गांजाशिवाय झोप नाही.’ ही झोपमोड अंशतः गांजा थांबल्यामुळेच झालेली असते. वापर थांबवून किंवा खूप कमी करून तीन-चार आठवडे गेल्याशिवाय चिंता मुळातली की गांजाची, हे सांगणे अवघड असते. तोवर चिंतेवरचा उपचार मात्र रोखून धरू नये. दोन्हींचा उपचार एकत्र करावा.

16. दोन दिवस ओढले नाही तर चिडचिड होते. म्हणजे विकार झालाच का?

सोडल्यावरची चिडचिड, बेचैनी, भूक मंदावणे, विचित्र स्वप्ने आणि झोपमोड ही खरी लक्षणे आहेत. ती साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतात आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरतात. झोप सुधारण्यास जास्त वेळ लागू शकतो. मात्र हे 11 पैकी एकच लक्षण आहे, आणि निदानाला दोन लागतात (प्रश्न 1). मेंदूतील टीएचसीला प्रतिसाद देणारी केंद्रे रोजच्या वापराने मंदावतात, आणि सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर पूर्ववत होतात, हे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले आहे. सोडू पाहणाऱ्या मुलाला ही गोष्ट आवर्जून सांगावी.

17. धोका कमी निघाला, तर अधूनमधून ओढायला हरकत नाही ना?

हा अंदाज फक्त वापर-विकाराचा आहे. नशेत दुचाकी चालवण्याचा धोका, भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजाराचा धोका आणि कायद्याची अडचण त्यात मोजलेली नसते. विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना स्किझोफ्रेनिया आहे, त्यांनी विकाराचा धोका कितीही कमी निघाला तरी गांजापासून पूर्ण दूर राहावे. कसदार गांजा रोज घेणाऱ्यांत असा आजार अधिक आढळतो.

18. धोका जास्त निघाला. आता नेमके काय करावे?

धोक्याच्या यादीतील ज्या गोष्टी बदलता येतात, तेथून सुरुवात करावी. आजोबा, बालपण आणि स्त्री-पुरुष हे बदलणार नाहीत. दिवसांची संख्या, तंबाखू, एकट्याने ओढणे, झोप आणि मित्रमंडळ बदलू शकते. आठवड्यातील ओढण्याचे दिवस निम्मे करणे, सकाळची वेळ पूर्ण बंद करणे आणि तंबाखूवरही एकाच वेळी उपचार घेणे, ही आमच्या अनुभवात मुलांना मान्य होणारी पहिली पावले आहेत. पूर्ण बंद करणे अर्थातच सर्वांत चांगले, आणि अठरा वर्षांखालील मुलांबाबत तेच उद्दिष्ट ठेवावे.

या विकारासाठी खास मान्यताप्राप्त असे औषध सध्या नाही. गोळी देऊन मुलगा पंधरा दिवसांत सुधारून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. ज्यांचा उपयोग दिसून आला आहे ते उपचार बोलण्याचे आहेत: स्वतःची इच्छा बळकट करणारे समुपदेशन, आणि विचार व सवयी बदलण्याचे प्रशिक्षण. घरच्यांनी लक्ष ठेवावे, म्हणजे मुलगा कोठे आहे, कोणाबरोबर आहे, केव्हा येणार हे माहीत असावे. खिसे तपासणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे.

19. दवाखान्यात खरे सांगितले तर पोलिसांना कळेल का?

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे, आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेले मानसिक त्रास त्या कायद्याच्या कक्षेत येतात. 1985 च्या कायद्याप्रमाणे गांजाचे सेवन हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु त्याच कायद्याच्या कलम 64-अ मध्ये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेता येते. प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिले असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. मुलगा अल्पवयीन असेल तर उपचारासाठी पालकांची संमती लागते, हेही लक्षात ठेवावे.

20. सीमाभागात आम्ही कोठे जावे? मराठीतून बोलणारे कोणी मिळेल का?

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय संस्थेच्या जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. अधिक गुंतागुंत असल्यास धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आणि बंगळूरची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे. निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते, आणि राज्याची हद्द ओलांडून उपचार घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. फक्त सरकारी योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालते का, हे आधी विचारून घ्यावे. फोनवरून सुरुवात करायची असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416 हे राष्ट्रीय क्रमांक आहेत. कर्नाटकातून फोन केल्यास समोरून कन्नडमध्ये बोलणे सुरू होण्याची शक्यता असते. ‘मराठी बोलणारे हवे’ असे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि संकोच करू नये.

21. दोन वर्षे पूर्ण सोडले होते. गेल्या आठवड्यात मित्राच्या लग्नात एकदा ओढले. सगळे पुन्हा शून्यावर आले का?

नाही. लक्षणांशिवाय तीन महिने गेले की सुरुवातीची मुक्तावस्था आणि बारा महिने गेले की टिकाऊ मुक्तावस्था मानली जाते (त्यात तलफ मात्र राहू शकते). दोन वर्षांची ही कमाई एका संध्याकाळने पुसली जात नाही, आणि एकदा ओढणे म्हणजे विकार परतणे नव्हे. तरीही पूर्वी विकार होऊन गेलेला असणे हे स्वतःच मोठे धोक्याचे कारण आहे, त्यामुळे प्रश्न 2 मधील नवख्यांचे आकडे येथे लावू नयेत. घरी ज्याच्याशी बोलता येते अशा एका व्यक्तीला हे आजच सांगावे, तो दिवस दिनदर्शिकेवर प्रश्न 9 प्रमाणे नोंदवावा, आणि पुढच्या चार आठवड्यांत दुसरी खूण पडली तर तिसरीची वाट न पाहता जुन्या समुपदेशकाला फोन करावा.